खांबाची उलटतपासणी

रस्त्यावरच्या खांबाला "तुमचं नाव काय?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोच नेमका माझा घरमालक निघाला.

अमरावतीच्या जुन्या परकोटाच्या एका दरवाजापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं माडीचं घर होतं. खाली रस्त्याला लागून एक गाळा, वर ते एकटे. दिवाणी कोर्टातले वकील, वय सत्तरीला टेकलेलं, उंच आणि काटकुळे. बाराही महिने हातात मिटलेली काळी छत्री आणि कोटाच्या खिशात एक पक्कड. कोर्टात जाता-येता कुठे झाडाला ठोकलेला खिळा दिसला, कुठे जुन्या बॅनरची बांधणीची तार लोंबताना दिसली, की साहेब थांबणार, पक्कड काढणार, ती वस्तू खिशात टाकणार आणि पुढे जाणार. कोर्टात कागद काढायला खिशात हात घातला की आधी खिळे बाहेर पडत, असं त्यांचे अशील सांगत.

छत्री मात्र उलटतपासणीसाठी होती. एखादा नवा खांब, एखादी रिकामी लोखंडी पेटी, कुठल्याशा मंडळाची उलटलेली कमान, असं काही वाटेत आलं की छत्रीचं टोक त्याला टेकवून साहेब सुरू करत. "तुमचं नाव? तुमाले उभं कोनं केलं? कोनासाठी? आन् तुमी गेले तं कोनाचं अडते?" चार प्रश्न. उत्तर आलं नाही की साक्षीदार खोटा. मग साहेब संबंधित कचेरीत जाऊन बसत आणि खांब निघेपर्यंत रोज जाऊन बसत. तिथल्या अधिकाऱ्यांनी कंटाळून त्यांच्यासाठी चहा सांगायला सुरुवात केली होती.

गंमत म्हणजे खांबाशी ते अहो-जाहो बोलत आणि माणसांशी अरे-तुरे. मी एकदा हे त्यांच्या तोंडावर म्हणालो. ते म्हणाले, "साक्षीदाराचा मान ठेवा लागते गा. तू काय, तू तं आरोपी हायेस."

आरोपी मी होतोच. माझा धंदा फ्लेक्स छपाईचा.

अकोल्याहून मी अमरावतीत आलो तेव्हा अंबादेवीच्या वाटेवर कुठेतरी जागा पाहिजे होती. दलालाने मला हा एक सोडून सगळे गाळे दाखवले आणि ते सगळे महाग निघाले. हा का नाही दाखवत, म्हटल्यावर तो म्हणाला, "त्या बुढ्याले बोर्ड दिसला का थो पिसाळते. तू तं बोर्डाचा बाप." तरी मी गेलो. साहेब ओट्यावर बसले होते. धंदा कोणता, विचारलं. मी घाबरत सांगितलं. 

"बोर्ड कुठी लावशीन?"

"गाळ्याच्या वर, साहेब. लहानसाच."

"लहानसा काहून? मोठा लाव. पुरी माडी झाकली पाहिजे."

मला वाटलं, दलाल खोटारडा आणि घरमालक देवमाणूस. दुसऱ्याच दिवशी वेल्डर आणला, माडीच्या रुंदीची लोखंडी फ्रेम ठोकली आणि तिच्यावर संत्र्याच्या रंगाचा फ्लेक्स ताणला. आमच्या त्या रस्त्यावर एवढा मोठा बोर्ड दुसरा नव्हता. शेवटचा बोल्ट कसेपर्यंत साहेब खाली उभे होते. मग वर निघून गेले.

आणि त्यानंतरच्या सकाळपासून माझा छळ सुरू झाला. माझा बोर्ड सोडून जगातल्या प्रत्येक बोर्डावर त्यांचं बोलणं असे. दुकानात येत, टेबलावर पसरलेला वाढदिवसाचा फ्लेक्स बघत आणि कोर्टातल्या आवाजात विचारत, "हा कोन?"

"शुभेच्छुक, साहेब."

"आन् हा चष्म्यावाला?"

"तोही शुभेच्छुक."

"आन् ही खालची सारी बारात?"

"तेही."

"मंग ज्याचा वाढदिवस हाये थो कोनता?"

आणि खरंच, कधी कधी मलाच शोधावा लागे. मग त्यांनी नवीनच टुमणं लावलं. प्रत्येक फ्लेक्सच्या खाली कोपऱ्यात तो कधी काढणार ते छाप. "मानसाचा वाढदिवस एक रोज असते, फ्लेक्स दिवाळीपावतर. हे कोनत्या कायद्यात बसते?" त्यांचं तोंड बंद करायला मी एकदा छापलं. ज्याचा वाढदिवस तो गडी संध्याकाळी लालबुंद होऊन दुकानात. "औषधाच्या बाटलीवर असते तशी तारीख टाकली भाऊ तुम्ही माह्या फोटोखाली! कधी मरतो थे छापलं का?" मला तो फ्लेक्स नव्याने छापून द्यावा लागला. साहेबांना हे कळल्यावर ते ओट्यावर बसून पोट धरून हसले.

जुनं ते सगळं चांगलं, असं मानणारे ते नव्हते. घरात चांगला मोठा टीव्ही होता आणि मोबाइलवर ते माझ्यापेक्षा तरबेज होते. तरी परकोटाचा दरवाजा बॅनरखाली झाकला म्हणून ते सारखे कुढत. मी एकदा विचारलं, "साहेब, दरवाजाचं एवढं काय? दगडच आहेत." ते चिडले नाहीत. "पाह्य, पहिले मानूस या दरवाजातून आत आला का त्याले समजे, आपन गावात आलो. आता काय समजते? आता कोनाचा वाढदिवस हाये थे समजते." मी हसलो, पण संध्याकाळी शटर ओढताना दरवाजाकडे पाहिलं. खालच्या अर्ध्या भागात बॅनर, वरच्या भागात तारांचं जाळं, मधे कुठल्याशा क्लासची पाटी. कमान होती म्हणतात, ती मला दिसली नाही.

एकदा ते माझ्यासोबत अकोल्याला आले. मामाच्या घरी वास्तुशांत होती. जेवण झाल्यावर म्हणाले, चाल, तुहं गाव दाखव. मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात आम्ही गल्लीबोळ फिरत होतो. एका घरापुढे साहेब जागीच थांबले. चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत, लाकडी दार, दगडाची पायरी, आणि भिंतीवर काहीही नाही. पोस्टर नाही, बोर्ड नाही, खिळादेखील नाही. साहेबांनी छत्री बगलेत घेतली आणि त्या भिंतीला हात जोडले.

आतून मालक बाहेर आला. "घर इकाचं नाही जी."

"इकत घ्याले नाही आलो. तुमी भिंतीवर काही लावलं नाही, आभार मानाले आलो."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी सांगितलं की म्हातारा निरुपद्रवी आहे. मग खुर्च्या आल्या, पाणी आलं, चहा आला आणि निघताना मालक प्रामाणिकपणे म्हणाला, "खरं सांगू का साहेब, एक रंगवाला जाहिरात काढून देतो म्हने भिंतीवर. दोन साल झाले, आलाच नाही तो." परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत साहेब मधूनमधून "आलाच नाही तो" म्हणत आणि खूश होत.

मग दरवाजाच्या सौंदर्यीकरणाची बातमी आली.

रस्त्याचं काम पाहणारे कचेरीतले साहेब स्वतः नकाशा घेऊन वकीलसाहेबांच्या ओट्यावर आले. बिचाऱ्यांना वाटलं, म्हातारा आनंदाने नाचेल. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना फायबरची दोन हरणं, पुढे कारंजं, कमानीवर रंग बदलणारे दिवे आणि शहरावरचं प्रेम सांगणारी माणसाच्या उंचीची अक्षरं. मीही बघत होतो, मला तर आवडलं होतं. वकीलसाहेबांनी नकाशा पाहिला, घडी केली आणि परत दिला.

"दरवाजा नवरदेव हाये का? त्याले मुंडावळ्या काहून?"

"साहेब, लोकांना काहीतरी दिसायला पाहिजे ना."

"दरवाजा दिसू दे ना गा! थो दिसत नाही म्हणून त्याच्यापुढं हरिण ठेवता तुमी!"

ते साहेब समंजस होते. घाम पुसून म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही म्हणता ते मला पटतं. पण नुसता दरवाजा दाखवायचा तर आधी या रस्त्यातले बोर्ड मागे गेले पाहिजेत. मी माणसं घेऊन काढायला आलो तर भांडणं होतात, आणि महिन्याभरात पुन्हा लागतात. तुमच्या रस्त्याने नवरात्राच्या आत आपण होऊन बोर्ड भिंतीला सपाट केले तर तारा एका बाजूला घेण्याचं काम मी लावतो आणि हरणं बागेत पाठवतो. शब्द देतो."

झालं. साहेब कोर्टातून यायचे आणि छत्री घेऊन दुकानं फिरायचे. मला सोबत नेत, कारण निम्म्या रस्त्याचे बोर्ड मीच छापलेले होते.

आमच्या रस्त्याची एक रीत होती. कोणी नवा बोर्ड लावला की तो शेजाऱ्याच्या बोर्डापेक्षा हातभर पुढे लावायचा, म्हणजे चौकातून येणाऱ्याला आधी आपला दिसेल. वर्षभरात शेजारी आपला बोर्ड त्याच्याही हातभर पुढे काढणार. असं करत करत दोन्ही बाजूंचे बोर्ड रस्त्याच्या मधोमध एकमेकांना भेटायला आले होते आणि एकाचाही बोर्ड धड वाचता येत नव्हता. माझा धंदा मात्र या रीतीवर छान चालत होता.

साहेब प्रत्येकाला दुकानाबाहेर आणून उभं करत. "वाच बरं तुहा बोर्ड." गिऱ्हाइकाच्या जागी उभं राहून दुकानदाराला स्वतःचा बोर्ड दिसत नसे. त्याला ते पटे. मग तो शेजाऱ्याकडे बोट दाखवून म्हणे, "पन आधी त्यानं मांगं घ्यावा." शेजारी म्हणे, "त्याचा निंघाला का माहा बी काढतो." सगळ्यांना पटलं होतं आणि एकही बोर्ड हलत नव्हता. नवरात्र तोंडावर आलं. साहेबांचा चेहरा उतरत चालला होता, रात्रीचं जेवणही नीट होत नसावं, कारण सकाळी डबेवालीचा डबा अर्धा परत जाताना मी पाहत होतो.

शेवटी आम्ही समोरच्या बांगड्यांच्या दुकानात गेलो. तिथल्या मावशी साहेबांच्याच वयाच्या. रस्त्यातल्या सगळ्या सुनांच्या हातात बांगड्या त्यांनीच भरलेल्या, त्यामुळे त्या कोणालाही काहीही बोलू शकत. साहेबांचं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माहा बोर्ड मी आता काढते, साहेब. पन एक इचारू का?"

"इचार."

"गावातल्या साऱ्या खांबाले इचारलं तुमी, तू काहून उभा हायेस म्हणून. तुमच्या माडीवरच्या बोर्डाले कधी इचारलं का?"

 उलटतपासणीत कोणी त्यांना गप्प केलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते उठले आणि रस्ता ओलांडून घरात गेले. छत्री तिथेच राहिली.

मी मावशींना म्हटलं, "असं कशाला बोलल्या? माझ्या भाड्यापायी ठेवला असेल त्यांनी बोर्ड."

"भाड्यापायी?" मावशी म्हणाल्या. "अरे बावा, त्या बोर्डाच्या मांगं खिडकी हाये. साहेबाची बायको तिथी बसे. ताई म्हनो मी तिले. रोज संध्याकाळी कोर्ट सुटलं का खिडकीत येऊन बसे, आन् परकोटाच्या गेटातून साहेबाची छत्री येतानी दिसली का उठे, चहाचं आधण ठेवे. साहेब जिना चढून वर गेले का चहा तयार. माहं सारं आयुष्य पाहिलं मी हे इथून. ताई गेल्या, तं साहेब खाली मुंडी घालून येत गेटातून. वर पाहेच ना. आन् मंग तू आला आपली फ्रेम घेऊन."

मला काय वाटलं ते सांगतो. आधी लाज वाटली, माझा काही दोष नसताना. मग साहेबांविषयी एकदम माया दाटून आली. आणि तिसरं, तेही खरं तेच सांगतो, धंद्याची काळजी वाटली. नवरात्र म्हणजे माझा हंगाम. "भाविकांचे सहर्ष स्वागत" मी रात्रंदिवस छापत असे. ऐन हंगामात डोक्यावरचा बोर्ड गेला तर मला शोधणार कोण?

सकाळी छत्री द्यायला गेलो. साहेब ओट्यावर तयार होऊन बसले होते.

"वेल्डरले बोलाव."

"साहेब, राहू द्या ना. बाकीच्यांचे काढू. तुमच्या घराचं कोणी काही म्हणणार नाही."

"एक साक्षीदार सोडला का केस गेली," ते म्हणाले आणि छत्री घेऊन रस्त्यात उतरले.

दुकानं उघडायची वेळ होती. लोक शटर अर्धी वर करून थांबले. साहेब घराकडे तोंड करून उभे राहिले, छत्री वर केली आणि माझ्या संत्र्याच्या रंगाच्या बोर्डाला विचारलं, "तुमचं नाव?" बोर्डावर माझं नाव हातभर अक्षरांत होतं, मी खाली बघितलं.

"तुमाले उभं कोनं केलं?" मग स्वतःच म्हणाले, "म्या."

"कोनासाठी?"

 समोरून मावशी बाहेर आल्या होत्या. सगळा रस्ता ऐकत होता.

"रिकामी खिडकी मले पाहवत नव्हती, म्हणून." ते हळू बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मग चौथा प्रश्न. "आन् तुमी गेले तं कोनाचं अडते?"

छत्री खाली आली. "कोनाचंच नाही," साहेब म्हणाले.

माझं अडत होतं. पण मी ते बोललो नाही, पाना घेऊन शिडीवर चढलो.

फ्लेक्स सुटला, फ्रेम खाली आली, धुळीचा लोट उठला आणि मागून दोन कबुतरं उडाली. खिडकी लाकडी होती, रुंद, खाली कोरीव कठडा, त्याच्यावर वेलबुट्टी. एवढी देखणी वस्तू मी वर्षानुवर्षं झाकून ठेवली होती.  मग शेजारच्या किराणावाल्याने पोराला हाक मारून पाना मागितला. त्याच्या पुढच्याने स्टूल बाहेर काढलं. दुपारपर्यंत साऱ्या रस्त्यावर ठोकाठोक चालली होती आणि मी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात माझेच बोर्ड उतरवत फिरत होतो.

घटस्थापनेला दरवाजा दिसला. त्याच्यावरचे बॅनर उतरले होते, बोर्ड भिंतींना टेकले होते, तारा एका बाजूला गेल्या होत्या आणि कमानीतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. देवीला निघालेल्या बाया दरवाजाखाली थांबून वर बघत होत्या. कचेरीतल्या साहेबांनी शब्द पाळला. ती हरणं एका बागेत आहेत, पोरं त्यांच्यावर बसतात आणि तिथे ती शोभतात. माझा धंदाही बुडाला नाही, थोडा बदलला. भिंतीला सपाट बसतील असे लहान बोर्ड मी करू लागलो. पुढे अकोल्याला परत येऊन स्वतःचं दुकान टाकलं तेही त्याच कामाचं. साहेबांचा अजून फोन येतो. तब्येत विचारायच्या आधी विचारतात, "तुहा बोर्ड कितीक पुढं आला?"

पण त्या नवरात्रात एक गोष्ट मला डाचत होती. खिडकी मोकळी झाली, तरी बंदच होती. साहेब दरवाजातून येत तेही पहिल्यासारखे, मान खाली घालून. सगळा गाव वर बघत होता, ते एकटे सोडून.

दसऱ्याच्या संध्याकाळी ते सीमोल्लंघनाला निघाले. दुकानापाशी थांबले, कोटाच्या खिशातून पक्कड काढली, खिळे काढले आणि त्यांच्याखालून किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"वरची खिडकी जाम झाली असन. तुह्याजवळ पाना हाये. पाहजो जरा."

एवढं बोलून गेले. ते कोणाला वर नेत नसत, मी इतक्या वर्षांत जिना चढलो नव्हतो. वरची खोली झाडून पुसून लख्ख होती. खिडकीपाशी एक वेताची खुर्ची, तिच्यावर धुतलेली उशी. खिडकी खरंच जाम होती. पाना लागला नाही, दोन-तीन बुक्क्यांत उघडली.

मी त्या खुर्चीत बसलो नाही, कठड्याला टेकून उभा राहिलो. खाली रस्ता स्वच्छ पसरला होता. लोक नवे कपडे घालून आपट्याची पानं वाटत होते, मावशी दुकानाच्या पायरीवर बसून सोनं घेत होत्या आणि रस्त्याच्या टोकाला, चौकटीत बसवल्यासारखा, पूर्ण दरवाजा. साहेब ज्या दृश्यासाठी गावाशी भांडले ते एक बाई रोज संध्याकाळी इथून बघत होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

तेवढ्यात कमानीखाली काळी छत्री दिसली.

साहेब मान खाली घालूनच येत होते. कमानीच्या मधोमध थांबले. मागून येणारी गर्दी त्यांना वळसा घालून पुढे जात होती. मग त्यांनी मान वर केली आणि उघड्या खिडकीकडे बघत राहिले. खांबाला टेकवायला धरत तशी छत्री त्यांनी वर उचलली, हलवली, आणि ताठ मानेने घराकडे चालू लागले.

मी आत वळलो, गॅस पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं.